मशिदीतल्या खुर्च्या आणि माझी सायकल

आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत दहा वर्षांपूर्वी सफेच्या टोकाला दोन-तीन खुर्च्या असायच्या. सत्तरी ओलांडलेले बुजुर्ग त्यांवर बसून नमाज पढायचे. आज तिथे बारा-पंधरा खुर्च्या आहेत आणि त्यांवर बसणारे सगळेच म्हातारे नाहीत. पन्नाशीच्या आतबाहेरचे दुकानदार आहेत, ड्रायव्हर आहेत, पॉवरलूमवरचे कामगार आहेत, मास्तर आहेत. कुणाचा गुडघा गेलाय, कुणाची कंबर, कुणाचे पाय साखरेने बधिर झालेत.

दोन वर्षांपूर्वी फजरच्या नमाजमध्ये सजद्यातून उठताना मलाही गुडघ्यावर हात टेकून दम घ्यावा लागला. वय ४९, वजन ८८ किलो. नमाज संपल्यावर शेजारचे गृहस्थ अगदी आपुलकीने म्हणाले, "भाई, कल से कुर्सी लेव."

त्या वाक्याने मी हादरलो. त्याच आठवड्यात रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीचा आकडा आला ६.२. ५.७ पासून ६.४ पर्यंत उंबरठा आणि ६.५ ला मधुमेहाचं घर. मी उंबरठ्यावर बसलो होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर आहेत.

मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून त्याची सायकल गच्चीवर गंजत होती. ती खाली उतरवली, नव्या ट्यूब टाकल्या, ब्रेक दुरुस्त केले. पहिल्या दिवशी सात रस्त्यापर्यंत जाऊन आलो तर पाय लटपटत होते. आठवड्याभरात गुडघे दुखायला लागले. सायकल सोडणारच होतो, पण मोहल्ल्यातल्या मिस्त्रीने सीट चार बोटं वर केली. म्हणाला, सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल तळाला गेलं की पाय सरळ व्हायला हवा. दुखणं थांबलं. सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो, म्हणून जड माणसाच्या गुडघ्यांना ती धावण्यापेक्षा सोसते.

त्यापेक्षा अवघड होत्या लोकांच्या नजरा. पहिल्या महिन्यात निदान दहा जणांनी विचारलं, "गाडी बेच दिए क्या?" या प्रश्नात आमच्या पिढीची सगळी कहाणी आहे. सोलापूर हे गिरण्यांचं गाव. इथली जुनी मिल १८७७ सालची. माझे अब्बाही गिरणी कामगार. भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींचा लोंढा निघायचा, त्यात हँडलला डबा लटकवलेली अब्बांची सायकल असायची. आम्ही शिकलो, कमावू लागलो आणि पहिल्या पगारात मोटारसायकलचा हप्ता भरला. सायकल सोडली म्हणजे गरिबी सोडली, असंच आम्हाला वाटलं. आज तीनशे पावलांवरच्या मशिदीलाही आम्ही गाडीला किक मारून जातो. अब्बांना व्यायाम हा शब्द कधी लागला नाही, कारण तो त्यांच्या पोटापाण्यातच होता. आम्ही ते कष्ट टाकले, पण ताटातली बिर्याणी मात्र वाढवली.

काही मित्र म्हणतात, पाच वक्तांची नमाज हाच व्यायाम आहे. मला हे पटत नाही. नमाज ही इबादत आहे. तिच्यामुळे सांधे हलते राहत असतील, पण जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, ती तेवढ्याने होत नाही. शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे आणि त्याचाही आपल्यावर हक्क आहे, हे आपण बयानात ऐकतो. मग तो हक्क अदा करायला मशिदीबाहेर पडावंच लागेल.

मी आठवड्यातून चार दिवस फजरनंतर ४० मिनिटं सायकल चालवतो. त्यातला रविवार तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावाचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात सात वाजायच्या आत घरी परतावं लागतं. रमजानमध्ये इफ्तारनंतर थोडंसंच. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण व्यायामाने साखर एकदम खाली जाऊ शकते. दोन वर्षांत नऊ किलो उतरले, आकडा ५.८ वर आला. म्हणजे उंबरठा अजून सुटलेला नाही, पण सजद्यातून आधाराशिवाय उठतो.

हे सगळं मी कौतुकाने घरात सांगत होतो तेव्हा बायको म्हणाली, "तुमकू क्या, निकल जाते. मैं सायकल पे निकली तो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिची साखर माझ्यापेक्षा जास्त आहे. या शहरात हजारो बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, बाकीच्या चुलीपुढे असतात. पुरुषाला निदान "गाडी विकली का" एवढंच ऐकावं लागतं. बाईला काय काय ऐकावं लागेल, ते आपल्याला ठाऊक आहे. सध्या आम्ही दोघं आठवड्यातून तीन दिवस सिद्धेश्वर तलावाकडे चालायला जातो. पहिले काही दिवस ती माझ्या चार पावलं मागे चालायची. आता मला तिला गाठावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं आपल्या मशिदींच्या आणि शाळांच्या कमिट्यांना आहे. खुर्च्या दान करणाऱ्यांचा इरादा नेक आहे. ज्याला गरज आहे त्याला खुर्ची मिळालीच पाहिजे. पण नवी खुर्ची घेताना, ती का लागते, हेही एकदा विचारा. महिन्यातून एका जुम्म्याला रक्तदाब आणि साखर तपासणी ठेवा. सकाळी रिकामी असणारी शाळेची मैदानं तासभर बायकांसाठी खुली करा, तिथे त्या चालतील, कुणी सायकल शिकेल. याला फार पैसा लागत नाही. एका माणसाच्या कमाईवर चालणाऱ्या घरात तो माणूस डायलिसिसवर गेला तर काय होतं, ते प्रत्येक मोहल्ल्याने पाहिलंय.

मला खुर्ची सुचवणारे ते गृहस्थ परवा भेटले. स्वतः खुर्चीवर बसले होते. सायकलकडे बघून हळूच विचारलं, "हमारे से होईंगा क्या?" मी म्हटलं, कल फजर के बाद. आधी त्यांच्या सीटची उंची बघायची आहे.