बदली डिस्क आणि आपली जबान

आरएमएला टाकलेल्या नव्या हार्ड डिस्कच्या बदल्यात येते ती बहुतेक वेळा नवी नसते, हे आपल्या धंद्यात कोणाला सांगावे लागत नाही. ग्राहकाला मात्र ते सांगावे लागते, आणि तिथेच आपण जीभ चावतो.

कंपन्या यात लपवाछपवी करत नाहीत. वॉरंटीच्या अटींत दुरुस्त केलेला पीस देण्याची मुभा त्यांनी स्वतःकडे ठेवलेली असते आणि डिस्कच्या लेबलवर ‘रिसर्टिफाइड’ किंवा ‘सर्टिफाइड रिपेअर्ड’ असे छापलेले असते. असा प्रत्येक पीस तपासून पाठवल्याचा त्यांचा दावाही असतो. तो सरसकट खोटा मानायचे कारण नाही. तीन वर्षे राबलेल्या डिस्कच्या बदल्यात रिफर्ब मिळाली तर ग्राहकाचे फारसे बिघडत नाही. पण सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये बसवलेली डिस्क तिसऱ्या आठवड्यात बसली आणि तिच्या जागी कोणाच्या तरी सर्व्हरमध्ये झिजलेली डिस्क आली, तर ती सोसायटी पूर्ण किंमत मोजून जुना माल घेऊन बसली. त्या सेक्रेटरींचा आवाज चढला तर चूक त्यांची नाही.

त्यात ग्राहक आता सावध झाला आहे. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीतल्या ‘हाइझे’ या तंत्रज्ञानविषयक वृत्तमाध्यमाने सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जात असल्याचे उघड केले. डिस्कच्या स्मार्ट नोंदीतला वापराच्या तासांचा आकडा शून्यावर आणलेला होता, फार्म लॉगमधले खरे तास मात्र तसेच राहिले होते. तो प्रकार विक्रीच्या साखळीतला, वॉरंटीतला नव्हे. पण तपासणीची रीत आपल्यालाही उपयोगी आहे. सीगेटची बदली डिस्क आली की स्मार्टमोनटूल्सच्या नव्या आवृत्तीत फार्म लॉग उघडा आणि तास जॉबशीटवर लिहा. पाच मिनिटांचे काम आहे.

कायद्याचे म्हणाल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २(४७)नुसार जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून खोटेपणाने दाखवणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. आता बघा, कंपनीने लेबलवर खरे ते छापले आहे. ‘साहेब, नवा पीस आलाय’ हे वाक्य काउंटरवरून जाते. म्हणजे अडकायचे ते आपणच. प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेले तर कलम ३९ खाली निर्दोष नवी वस्तू देण्याचा आदेशही होऊ शकतो. युरोपीय संघाने २०२४च्या निर्देशात ग्राहकाने स्पष्ट मागणी केली तर बदलीत रिफर्ब देण्याची वाट ठेवली आहे. सदस्य देशांना तो ३१ जुलै २०२६पासून लागू करायचा आहे. मागणी ग्राहकाची, सोय कंपनीची नव्हे. आपल्याकडे इतकी स्वच्छ तरतूद येईपर्यंत हा फरक आपण तोंडानेच पाळायला हवा.

विकतानाच बिलावर एक ओळ छापा: वॉरंटीत बदली पीस दुरुस्त केलेला असू शकतो. बदली डिस्कचा सिरियल नंबर मूळ बिलावर चढवून शिक्का मारा, नाहीतर पुढच्या क्लेमला बिल आणि डिस्क जुळणार नाही. फुटेज परत येणार नाही, हेही लेखी घ्या. (पोलीस नेमके त्याच आठवड्याचे फुटेज मागतात, हा अनुभव कोणाला नाही?)

पहिल्या महिन्यातल्या बिघाडाला नवाच पीस मिळाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा भार डीलरने सोसावा असे मात्र आम्ही म्हणणार नाही. हार्ड डिस्कवर सुटते किती, ते सगळ्यांना ठाऊक आहे. डीओएची मुदत काही दिवसांऐवजी तीस दिवसांची करून घेणे एकट्या दुकानदाराच्या हातात नाही, संघटनेच्या आहे. दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरी अजून हातात आहेत. त्या जाण्याआधी डिस्ट्रिब्युटरांना एकत्र बोलवा आणि ही अट लेखी मागा.