खोक्यावर न छापलेली किंमत

जून उजाडला की घराघरांत प्रिंटरचा विषय निघतो. प्रवेशाचे अर्ज, दाखले, शाळेचे प्रोजेक्ट, त्यात घरातल्या कुणाचं तरी ऑफिस घरूनच. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: सगळ्यांत स्वस्त कोणता? दुकानदारही हसतमुखाने तीन-चार हजारांचा इंकजेट पुढे करतो. प्रिंटरचा खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो आणि त्याचा आकडा त्या खोक्यावर कुठेच नसतो.

एचपीच्या स्वस्त डेस्कजेटमध्ये बसणारं ८०३ क्रमांकाचं लहान काळं कार्ट्रिज सुमारे १२० पानं छापतं. एप्सनच्या इंकटँक प्रिंटरमध्ये ओतायची ००३ क्रमांकाची ६५ मिलिलिटरची काळी बाटली सुमारे ४,५०० पानं छापते. शिवाय बाटलीची किंमत त्या कार्ट्रिजपेक्षा कमीच. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाचं ‘ब्लॅक बुक’, म्हणजे प्रकल्पाचा अहवाल, ७० पानांचं धरलं आणि त्याच्या तीन प्रती काढल्या, तर एक कार्ट्रिज संपून दुसरंही तळाला जातं. बाटलीतली पातळी जेमतेम हललेली असते. हे आकडेही पानाचा साधारण पाच टक्के भागच शाईने भरतो, असं धरून काढलेले असतात. फोटो, नकाशे, रंगीत तक्ते छापणाऱ्याने ते आणखी खाली आणावेत.

एवढा फरक का पडतो, याचं उत्तर यंत्राच्या पोटात आहे. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ मध्ये इचिरो एंडो या संशोधकासमोर तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजला चुकून लागलं आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने शाईत बुडबुडा तयार होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो, हे तत्त्व त्यातून हाती आलं. एचपीनेही याच सुमारास स्वतंत्रपणे तीच वाट धरली. या पद्धतीत शाई उडवणारं हेड सतत तापून झिजतं. म्हणून स्वस्त प्रिंटरमध्ये ते कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं, आणि दर वेळी शाईबरोबर नव्या हेडचेही पैसे मोजावे लागतात. एप्सनने वेगळा मार्ग घेतला. तिथे विजेच्या दाबाने किंचित वाकणारा पिझो स्फटिक थेंब ढकलतो. हेड तापत नाही, यंत्रातच राहतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. मात्र तेच कायमचं चोंदलं तर दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो.

टाकीची कल्पना मात्र कंपन्यांच्या प्रयोगशाळेतली नव्हे, बाजारातली. इंडोनेशियातले दुकानदार साध्या इंकजेटला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून देत होते. आपल्याकडेही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे जुगाड सर्रास मिळायचे. हे थांबत नाही म्हटल्यावर २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियातच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर आणला. यंत्र महाग आणि शाई स्वस्त, असा उलटा हिशेब त्यांनी मांडला. पुढे एचपी, कॅनन आणि ब्रदर यांनाही त्याच रांगेत यावं लागलं.

पण इंकटँक घेतला म्हणजे निश्चिंत झालो, असं नाही. शाई द्रवरूप आहे, ती वाळतेच. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात महिनाभर बंद राहिलेला प्रिंटर सुरू केला की पानावर पांढऱ्या रेघा येतात. मग ‘हेड क्लीनिंग’ करावं लागतं. प्रत्येक सफाईत थोडी शाई वाया जाते आणि यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये मुरते. पॅड भरल्याचा आकडा यंत्र स्वतः मोजतं आणि मर्यादा आली की छपाईच थांबवतं. त्यामुळे आठवड्याला चार-दोन रंगीत पानं काढणाऱ्या घराला इंकटँक शोभतो. वर्षातून दोनदा अर्ज भरणाऱ्या घराने प्रिंटर घेऊच नये.

क्वचित छापणारा, पण छापलं की स्वच्छ काळा मजकूरच हवा असलेला, असा माणूस म्हणजे वकील, डॉक्टर, सोसायटीचे सचिव. त्यांच्यासाठी लेझर. त्यात शाई नसते, प्लॅस्टिकमिश्रित टोनरची भुकटी असते, आणि भुकटी वाळायचा प्रश्नच येत नाही. लेझरचा किरण फिरत्या ड्रमवर अक्षरांचं विद्युतभारित चित्र काढतो. त्यावर भुकटी चिकटते, कागदावर उतरते आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरखाली वितळून पक्की बसते. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात काढलेली पहिली कोरडी प्रत याच तत्त्वावरची. त्याला लेझरची जोड दिली झेरॉक्सच्या गॅरी स्टार्कवेदर यांनी. १९८४ मध्ये एचपीचा पहिला लेझरजेट ३,४९५ डॉलरला बाजारात आला. महाराष्ट्रातल्या छोट्या छापखान्यांनाही लेझरने हात दिला. डीटीपी केंद्रात लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवायचा, लेझरवर ट्रेसिंग पेपरला काढायचा आणि त्यावरून ऑफसेटची प्लेट करायची, ही रीत गावोगाव रुळली.

एचपीचा लेझरजेट १०२० अनेक कार्यालयांत अजूनही घरघरत असतो, त्याचं कारण त्याच्या टोनरमध्ये आहे. १२ए हे टोनर सुमारे २,००० पानं देतं आणि संपलं की गल्लीतला माणूस काहीशे रुपयांत ते पुन्हा भरून देतो. मूळ टोनरच्या किमतीत पान दोन रुपयांच्या पुढे जातं, तर भरून घेतलेल्या टोनरमध्ये काही पैशांवर येतं. लेझरची पथ्यंही आहेत. रोलर तापवताना तो एकदम बरीच वीज ओढतो, म्हणून घरच्या छोट्या यूपीएसवर तो लावू नये. कोकणातल्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, मग तो अडकतो किंवा छपाई फिकी येते. कागदाचं रिम उघडं ठेवलं नाही तर हा त्रास बराच कमी होतो.

आणि तो जुना, कर्रकर्र करणारा डॉट मॅट्रिक्स? बँकेच्या पासबुकाच्या खिडकीत, ट्रान्सपोर्टच्या कचेरीत, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तो अजून आहे, आणि केवळ जुना झाला म्हणून टाकून देण्यासारखा तो नाही. त्याच्या पिना शाईच्या फितीवर प्रत्यक्ष आपटतात, म्हणून कार्बन लावून एका दमात तीन-चार प्रती निघतात. ट्रकचालक, शेतकरी आणि कचेरी यांच्या हातात एकाच ठोक्यातून उमटलेली पावती जाते. इंकजेट किंवा लेझरला हे जमत नाही, कारण त्यांची छपाई कागदावर आघात करतच नाही.

उलट टोकाला थर्मल प्रिंटर. एसटी वाहकाच्या हातातलं तिकीट यंत्र, पेट्रोल पंपाचं बिल, एटीएमची चिठ्ठी. यात शाईही नाही, टोनरही नाही. कागदावरच्या रासायनिक लेपाला उष्णता लागली की तो काळा पडतो. यंत्र लहान, आवाज नाही, देखभाल जवळपास शून्य. पण तोच लेप ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या रसायनांनी पुसट होतो. फ्रिजची दोन वर्षांची वॉरंटी आणि सहा महिन्यांत कोरं होणारं बिल, ही गाठ ग्राहकालाच नडते. असं बिल हाती आल्या दिवशीच फोनवर त्याचा फोटो काढून ठेवावा.

या सगळ्यात कंपन्यांचा हट्ट एकच असतो: शाई आमचीच घ्या. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी इतरांची कार्ट्रिज अचानक नाकारायला सुरुवात केली. गदारोळ झाल्यावर तो अडसर काढणारं फर्मवेअर कंपनीला द्यावं लागलं. २०१७ मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीला पेटंटचा हक्क सांगता येत नाही. तरीही इतरांची शाई अडवण्यासाठी चिप लावलेली कार्ट्रिज आजही येतातच.

टोनर भरून घेण्याची मुभा हवी, हे खरंच. पण त्याआधी ग्राहकाला हिशेब दिसायला हवा. आपल्याकडे वजनमापाच्या नियमांमुळे बिस्किटांच्या पुड्यावरही आता दर ग्रॅममागची किंमत छापलेली असते. तसाच पानामागचा खर्च कार्ट्रिजवर, बाटलीवर आणि प्रिंटरच्या खोक्यावर ठळक अंकांत यावा. त्याशेजारी हेड कार्ट्रिजला जोडलेलं आहे की यंत्राला, हेही लिहिलेलं असावं. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने हे सक्तीचं केलं तर कंपन्यांना नवी चाचणीसुद्धा करावी लागणार नाही. आयएसओने ठरवलेली नमुना पानं वापरूनच त्यांनी १२० आणि ४,५०० यांसारखे आकडे काढलेले आहेत. उरतो तो एमआरपीला पानांनी भागण्याचा हिशेब.