एरर ५ की एरर ६?

"डिस्क गेली" हे आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त निदान. मशीन बूट झालं नाही की कोणीतरी हे वाक्य टाकतंच, आणि पुढचं वाक्यही ठरलेलं: "फॉरमॅट मारून घ्या." माझं म्हणणं असं की, कितीतरी वेळा डिस्क ठणठणीत असते. बोंब असते ती ड्रायव्हरची.

मागच्या वर्षी भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपचं मशीन बघायला गेलो होतो. सिस्टिम एससीओ ओपनसर्व्हर ५, म्हणजे १९९५ सालची पिढी. एकेकाळी आपल्याकडच्या बँकांच्या शाखांमध्येही एससीओ युनिक्स असायचं. या वर्कशॉपचा स्टॉक आणि बिलिंग अजून त्यावरच चालतं. स्कझी कंट्रोलर कार्ड जळलं म्हणून हार्डवेअरवाल्याने जुन्या बाजारातून दुसऱ्याच बनावटीचं कार्ड आणून बसवलं. बूट प्रॉम्प्ट आला, कर्नल लोड झाला, आणि मग पॅनिक: 'एरर ६ माउंटिंग रूटडेव्ह (१/४२)'. निदान तयारच होतं. "साहेब, डिस्क गेली."

आता म्हणजे बघा, कर्नल ही त्या डिस्कवरचीच एक फाइल. मग मेलेल्या डिस्कने कर्नल दिला कसा? बूट प्रोग्रॅम डिस्क वाचतो ती बायोसच्या मदतीने, आणि नव्या कार्डाने स्वतःचं बायोस सोबत आणलेलं असतं. कर्नल मात्र एकदा जागा झाला की बायोसला विचारत नाही, स्वतःचा ड्रायव्हर वापरतो. त्याच्याकडे ड्रायव्हर होता जुन्या कार्डाचा, आणि ते कार्ड कचऱ्यात!

शिवाय तो ६ चा आकडा. युनिक्समध्ये एरर ५ म्हणजे वाचता-लिहिताना गडबड. तेव्हा डिस्कवर, केबलवर खुशाल संशय घ्या. एरर ६ म्हणजे असं डिव्हाइस किंवा असा पत्ताच नाही. पत्ता सापडला नाही म्हणून कोणी घर पाडतं का? फॉरमॅट मारणं म्हणजे तेच.

उपाय साधा होता. आधी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून डीडीने पूर्ण कॉपी काढली. ओपनसर्व्हरमध्ये बूट होतानाच फ्लॉपीवरचा ड्रायव्हर कर्नलला जोडता येतो, त्याला 'बीटीएलडी' म्हणतात. बूट प्रॉम्प्टवर 'लिंक' म्हणून ड्रायव्हरचं नाव द्यायचं, रूट डिस्क आता त्याच्यामागे कितव्या आयडीवर आहे ते सांगायचं. सिस्टिम वर आली की ड्रायव्हर पक्का इन्स्टॉल करून कर्नल पुन्हा लिंक करायचा, आणि जुना कर्नल 'युनिक्स.ओल्ड' नावाने ठेवायचा. काम तासाभराचं. ती फ्लॉपी शोधायला मात्र चार दिवस गेले.

माझा खरा मुद्दा इथे आहे. या वर्कशॉपमध्ये रोज रात्री टेपवर बॅकअप निघत होता. पण टेप-ड्राइव्हही त्याच कार्डावर! कार्डाचा ड्रायव्हर नाही, तर टेपांचं काय लोणचं घालायचं? कंपनीकडून मागवू म्हणाल, तर मूळ एससीओने युनिक्सचा धंदा २००१ मध्ये काल्डेराला विकला, काल्डेराने पुढे एससीओचंच नाव घेतलं आणि २००७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपन्या जातात, मशीन चालूच राहतं. म्हणून ज्याच्यासोबत ड्रायव्हर नाही, तो बॅकअप अर्धाच.

"एवढं जुनं ठेवताच कशाला?" मान्य, बदलायलाच हवं. पण त्यातला डेटा नीट बाहेर काढायला आधी ते बूट तर झालं पाहिजे ना?

आणि क्लाउडवाल्यांनो, हसू नका. जुनी लिनक्स इमेज उचलून ॲमेझॉनच्या नायट्रो मशीनवर टाका. तिच्या इनिटरॅमएफएसमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर नसेल, तर कर्नलला रूट सापडत नाही. म्हणजे दुखणं तेच, फक्त भाडं तासावर!

असो. सांगायचं एवढंच की, बॅकअप घेता त्याच जागी ड्रायव्हर आणि बूट कसं करायचं याचा एक कागद ठेवा. वर्षातून एकदा वेगळ्या हार्डवेअरवर ते खरंच उभं राहतं का ते बघा. आणि कोणी "डिस्क गेली" म्हणालं, तर फॉरमॅटला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारा: एरर ५ की एरर ६?