मार्क्स, ख्रिस्त आणि बाबासाहेबांची कसोटी

साम्यवाद आणि ख्रिस्ती धर्म या दोहोंनीही अवघे जग नव्याने घडविण्याचे अभिवचन दिले. एकाचा वर्गविहीन समाज इतिहासाच्या नियमाने येणार होता, दुसऱ्याचे स्वर्गराज्य ईश्वराच्या कृपेने. दोघांनीही पहिली हाक दिली ती दीनदुबळ्यांना. मग बाबासाहेबांनी या दोहोंना बाजूला सारून बुद्ध का स्वीकारला? ‘ते दोन्ही विचार परकीय होते म्हणून’ असे उत्तर आपल्या सभांतून दिले जाते, ते आम्हांस पटत नाही. तसे असते तर महापरिनिर्वाणाला अवघे सोळा दिवस उरले असताना, २० नोव्हेंबर १९५६ रोजी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना मांडण्याचे कष्ट त्यांनी घेतलेच नसते. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांपुढे बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयीचे आकर्षणही त्यांनी बोलून दाखविले नसते.

बाबासाहेबांनी हे दोन्ही विचार जातीच्या कसोटीवर घासून पाहिले.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची मजुरी अधिक होती. पण अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता. धोट्यात नवी कांडी भरली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्या उष्ट्याचा स्पृश्य कामगारांना विटाळ वाटे. १९२८ चा प्रचंड संप झाला, कामगारांच्या एकजुटीची भाषा झाली. तरी या खात्याचे दार उघडण्याची मागणी बाबासाहेबांनाच आग्रहाने मांडावी लागली. शोषणावर सिद्धान्त रचणाऱ्यांना शेजारच्या मागावरचा विटाळ दिसत नव्हता! पण बाबासाहेबांनी म्हणून अबोला धरला नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते साम्यवाद्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

ख्रिस्ती धर्माचे ऋण तर आपल्या वाटेवरच आहे. सेलूहून नागपूरला जाताना बुटीबोरी लागते. त्याच परिसरात १८६३ साली, टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना, मिशनरी स्टीफन हिस्लॉप नदीत बुडून मरण पावले. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात १८८३ पासून विदर्भाच्या पिढ्या शिकल्या. बाबासाहेबांचा आक्षेप मात्र नेमका होता. मिशनची महाविद्यालये आणि इस्पितळे यांचा मोठा लाभ धर्मांतर न करणाऱ्या उच्चवर्णीयांनी घेतला; ज्या गरिबांनी ख्रिस्त स्वीकारला त्यांच्यामागे जात चर्चमध्येही गेली. तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत तर मृतांनाही जातीच्या भिंतीने विभागले होते.

काठमांडूत त्यांनी मार्क्सचा एक मुद्दा मान्य केला: खाजगी मालमत्ता दुःखाला जन्म देते. भिक्खूची मालमत्ता अवघी आठ वस्तूंची, (वसतिगृहातील आपल्या पत्र्याच्या पेट्यांत याहून अधिक सामान असे). त्यांचा विरोध हिंसेला आणि हुकूमशाहीला होता. दंडशक्ती हटल्यावर काय उरेल, हा त्यांचा प्रश्न १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा जगालाही पडला. चर्चच्या बाबतीत प्रश्न वेगळा होता. बुद्ध स्वतःला मुक्तिदाता म्हणवीत नाही, तो वाट दाखवितो. चालणे ज्याचे त्याने.

आता हीच कसोटी आपल्याला लावून पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जात सोडली, असे आपण अभिमानाने सांगतो. तरी विवाह जुळविताना बावणे, लाडवण, कोसरे ही चौकशी आजही हळू आवाजात होतेच. एका पंगतीत वर्षानुवर्षे जेवलेले माजी विद्यार्थीही त्यास अपवाद नाहीत, हे लिहिताना आम्हांस क्लेश होतात.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. तो शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यांचा विषय निघाला की आपल्यातील काही सुशिक्षित म्हणतात, “धर्म बदलला ना, मग सवलती कशाला?” हेच वाक्य आपल्या वडीलधाऱ्यांनी चौतीस वर्षे ऐकले होते. पुढील मेळाव्यात या प्रश्नावर उघड चर्चा व्हावी आणि तीत वर्धा-नागपूरच्या ख्रिस्ती बांधवांना सन्मानाने बोलवावे, अशी आमची सूचना आहे.