पदवीचा बडेजाव नको, वकिलीची शिदोरी हवी

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एक प्रश्न हमखास कानावर येतो, ‘पोराला वकील करायचंय, कॉलेज कोणतं घ्यावं?’ परवा सफाई कामगार असलेले एक बांधव भेटले. मुलीला वकील करायचे म्हणून त्यांनी एका महागड्या खाजगी महाविद्यालयात बी.बी.ए.चा प्रवेश ठरवला होता आणि त्यासाठी पतपेढीकडे कर्जाचा अर्जही केला होता. का? तर ‘मोठ्या कॉलेजची पदवी असली की लॉ कॉलेज चांगले मिळते’ असे त्यांना कुणीतरी सांगितले. हा समज खोटा आहे आणि अशा समजापायीच आपली कुटुंबे कर्जात बुडत आहेत.

वस्तुस्थिती काय आहे? तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण लागतात. महाराष्ट्रातील प्रवेश राज्याच्या सीईटीच्या गुणांवर होतात. पदवीच्या कॉलेजची इमारत किती मजली होती, हे सीईटी विचारत नाही.

म्हणून पदवीसाठी जवळचे, चांगले ग्रंथालय असलेले कॉलेज निवडा आणि अनुदानित तुकडीतच प्रवेश घ्या. एकाच कॉलेजात अनुदानित व विनाअनुदानित तुकडीच्या फीमध्ये मोठी तफावत असते. अनुसूचित जातीच्या कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप आहे. पण व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की या सवलतींवर पाणी सोडावे लागते. शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करावा.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना बार कौन्सिलच्या नियमानुसार एलएल.बी.ला प्रवेश मिळत नाही. रीतसर बारावी करून मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली तर अडचण नाही. कामावर जाणाऱ्या आपल्या अनेक मुलांना ही गोष्ट पदवी हातात आल्यावर कळते, तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

कुणी विचारेल, मग आपल्या मुलांनी राष्ट्रीय विधी विद्यापीठात जाऊच नये काय? जरूर जावे! तिथल्या राखीव जागा हा आपला हक्क आहे, त्या रिकाम्या राहता कामा नयेत. बारावीनंतर क्लॅट द्यावी, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची राज्य सीईटीही द्यावी. परंतु तिथे संधी हुकली म्हणून भलत्याच पदवीवर लाखो रुपये उधळण्यात शहाणपण नाही.

कारण खरा खर्च पुढेच आहे. सनद मिळाल्यावर ज्युनिअर वकिलाच्या हाती पहिली काही वर्षे फारसे काही पडत नाही. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी दिवाणी न्यायाधीश पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे पदवीची तीन, एलएल.बी.ची तीन आणि वकिलीची तीन, अशी नऊ वर्षे झाली. ज्याच्या डोक्यावर पहिल्या तीन वर्षांतच कर्ज चढले, तो शेवटच्या तीन वर्षांत कोर्टात टिकणार कसा? तो मिळेल ती नोकरी धरतो आणि न्यायाधीशाची खुर्ची पुन्हा त्यांच्याच मुलांसाठी मोकळी राहते! सनदेच्या बाबतीत तरी दिलासा मिळाला आहे. 30 जुलै 2024 च्या निकालानुसार राज्य बार कौन्सिलांना नोंदणीसाठी अनुसूचित जाती-जमातींकडून 125 आणि इतरांकडून 750 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

पदवीच्या तीन वर्षांत पैसा नव्हे, मेहनत ओतावी. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास वाचावा. संविधान मुळातून वाचावे. रोज इंग्रजी वाचावे आणि लिहावे, कारण उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालते. मराठी माध्यमाची लाज नको, पण इंग्रजीची भीतीही नको.

1935 मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झालेल्या बाबासाहेबांनी 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले. त्याचे वर्ग सकाळी भरत, ते नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून. 1956 मध्ये सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. गरिबाला परवडेल असे शिक्षण म्हणजे कमी प्रतीचे शिक्षण, असे त्यांनी कधी मानले नाही. मग आपणच का मानावे?

आपल्यातील वकिलांनी जून-जुलैमध्ये दर रविवारी दोन तास वस्तीतल्या बुद्धविहारात बसावे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत, सीईटीची माहिती सांगावी. जयंतीच्या एका बॅनरच्या खर्चात पाच मुलांचे परीक्षा शुल्क भरता येते का, याचा हिशेब मंडळांनी करून पाहावा. त्या बांधवांना मी एवढेच म्हणालो, ‘कर्जाचा अर्ज मागे घ्या. तेच हप्ते मुलीच्या नावाने बँकेत भरा. काळा कोट अंगावर चढेल त्या दिवशी तिला त्यांची खरी गरज लागेल.’