सायबर सुरक्षेचे शिक्षण : उपदेश नको, अधिकार हवा

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो दरोडा पडला, त्यात कोणी कुलूप तोडले नाही की सुरा उगारला नाही. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घातक प्रणाली घुसवण्यात आली आणि प्रत्येक बनावट कार्डाला बँकेच्या नावाने परस्पर होकार मिळत गेला. काही तासांत २८ देशांतील यंत्रांतून रोकड निघाली, दोन दिवसांनी आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. त्यांतील बहुतेकांचा वाटा कार्डे घेऊन यंत्रापुढे उभे राहण्याचा होता. परदेशात बसून जाळे विणणारे त्या पिंजऱ्यात नव्हते.

चोरीच्या या उतरंडीची शेवटची पायरी आज महाविद्यालयाच्या दारापर्यंत आली आहे. खोलीभाडे नि खानावळीच्या पैशांची विवंचना असलेल्या विद्यार्थ्याचे बँक खाते चार-पाच हजारांत भाड्याने घेतले जाते. लुटीचा पैसा त्यातून पुढे सरकतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी व पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला, हे स्वागतार्हच आहे. परंतु अभ्यासक्रम छापला म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. ‘संकेतांक कोणाला सांगू नका, अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका’ एवढ्यावरच हा विषय संपणार असेल, तर तो उपदेश ठरेल. असा उपदेश जबाबदारीचे सारे ओझे एकट्या नागरिकाच्या खांद्यावर टाकतो. कॉसमॉसचा दरोडा ठेवीदारांच्या सावधगिरीने टळला नसता. कुलूप संस्थेचे होते, किल्लीही संस्थेकडेच होती.

म्हणून या शिक्षणाची आखणी वेगळ्या पायावर व्हायला हवी. पहिली गोष्ट, ते केवळ संगणकशास्त्राच्या वर्गापुरते नको. कला शाखेची विद्यार्थिनी उद्या पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत वा रुग्णालयात हजारो माणसांची माहिती हाताळणार आहे. तिला हा विषय मराठीतून, तिच्या कामाच्या उदाहरणांनी शिकवला पाहिजे.

दुसरी गोष्ट प्रात्यक्षिकाची. बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी हल्ला करून पाहावा, बचाव करून पाहावा आणि मालकाच्या संमतीवाचून कोणत्याही यंत्रणेला हात लावायचा नाही, हा पहिला धडा तिथेच गिरवावा. आपल्या महाविद्यालयाचा प्रवेशअर्जही त्यांनी तपासावा. आधार क्रमांक कशासाठी मागितला, तो कोणाच्या हाती जातो, किती वर्षे राहतो, हे प्रश्न प्राचार्यांना विचारता येणे हीच खरी परीक्षा होय.

तिसरी गोष्ट हक्कांची. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील साध्या मजकुरावरून अटक झाली. त्यासाठी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तरीही २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभा केंद्र सरकारला दिलीच. चोरापासून रक्षण शिकवायचे आणि सत्तेच्या पाळतीविषयी मौन पाळायचे, हे शिक्षण अर्धवट होय.

शिक्षक कोठून आणायचे, पैसा कोठला, हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु त्यावर तोडगा म्हणून बड्या कंपन्यांची फुकट प्रमाणपत्रे स्वीकारणे म्हणजे पाठ्यक्रम त्यांच्या स्वाधीन करणे होय. कंपनीला तिची साधने चालवणारा कामगार हवा असतो. समाजाला हवा आहे तो त्या साधनांचा जाब विचारणारा नागरिक. असा नागरिक घडवण्याचा खर्च सार्वजनिक निधीतूनच झाला पाहिजे आणि त्यासाठी विद्यार्थी व प्राध्यापक संघटनांनी आता आग्रह धरला पाहिजे.