वनौषधीला प्रयोगशाळेचे वावडे का?

२०१७ सालचे जुलै ते ऑक्टोबर हे महिने यवतमाळ जिल्हा कधीही विसरू शकणार नाही. कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक रुग्णालयात येऊ लागले. कुणाची दृष्टी अंधुक झालेली, कुणाला उलट्या थांबेनात, कुणाची शुद्धच हरपलेली. वीसच्या आसपास माणसे दगावली, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दिवसांत डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी जिवाचे रान केले, याविषयी दुमत नाही. पण एका साध्या प्रश्नाचे उत्तर कुणाजवळच नव्हते. या माणसाच्या शरीरात नेमके कोणते विष भिनले आहे?

हा प्रश्न पुस्तकी नव्हे. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला निकामी करतात. रक्तातील या विकराची पातळी मोजली की विषबाधा त्या वर्गाची आहे की नाही आणि किती खोल आहे, याचा अंदाज येतो. त्या विषावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. पण विष दुसऱ्या वर्गाचे असेल तर तोच उतारा उपयोगी पडेलच असे नाही. त्या वर्षी शेतात निरनिराळ्या औषधांची मिश्रणे फवारली जात होती. अशा वेळी ही रक्तचाचणी म्हणजे अंधारातला कंदील. आणि कीटकनाशकांचा एवढा वापर असलेल्या जिल्ह्यातील रुग्णालयात ही चाचणी करण्याची सोय नव्हती, ही गोष्ट तेव्हाच्या चौकशीच्या निमित्ताने उघड झाली.

रक्तातील अशा खुणेला वैद्यकशास्त्र बायोमार्कर म्हणते. आपण तिला रोगखूण म्हणू. जे मोजता येत नाही त्यावर उपचार अंदाजानेच होतो, हा २०१७ चा धडा आहे. तो केवळ विषाला लागू नाही, औषधालाही लागू आहे. आणि ज्या औषधपरंपरेचा आपण रास्त अभिमान बाळगतो, तिला तर तो सर्वाधिक लागू आहे.

दोन टोकांचे अडाणीपण

यवतमाळ हा सागवानाच्या जंगलांचा, कोलाम आणि गोंड बांधवांचा जिल्हा. आवळा, बेहडा, बिबा, मोह, बेल, शतावरी, गुळवेल, कितीतरी वनस्पती येथील पाड्यांवरच्या जाणत्यांना तोंडपाठ. चरकाचार्यांनी औषधी वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांच्याकडून जाणून घ्यावीत, असे सांगून ठेवले आहे. म्हणजे पांढरकवडा-झरीजामणीच्या रानातला जाणता माणूस हा आयुर्वेदाच्या दृष्टीने गुरुस्थानी आहे.

या ज्ञानाची आज दोन बाजूंनी कोंडी झाली आहे. एका बाजूला आहेत इंग्रजी शिक्षणाने दिपून गेलेले आपले विद्वान. 'झाडपाला' हा शब्द उच्चारतानाच त्यांच्या ओठांवर कुत्सित हसू उमटते. तपासून पाहण्याआधीच नाकारणे यालाच ते विज्ञाननिष्ठा समजतात. त्यांना सर्पगंधेची कथा सांगावी. या मुळीचा उपयोग आपल्याकडे पूर्वापार होत आला. १९३१ मध्ये सेन आणि बोस या भारतीय डॉक्टरांनी तिच्या गुणांविषयी लिहिले, सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइड वेगळे काढले. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे जग जागे झाले. मग १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रेसर्पिन हे द्रव्य त्या मुळीतून शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि जगभर औषध गेले ते त्या नावाने. मुळी आपली, अनुभव आपला, प्रारंभीचे संशोधनही आपले. शेवटचे विश्लेषण मात्र परक्यांचे, आणि म्हणून मालकीही परक्यांची!

चीनने काय केले तेही पाहावे. मलेरियावरील उपाय शोधताना तू यूयू या संशोधक महिलेने जुने वैद्यकग्रंथ चाळले. एका प्राचीन ग्रंथात वनस्पती उकळण्याऐवजी थंड पाण्यात भिजवून पिळण्याची कृती होती. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे त्यावरून तिने ताडले आणि कमी तापमानावर अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक. ग्रंथावर श्रद्धा होती म्हणून ती तेथवर पोहोचली आणि प्रयोगशाळा होती म्हणून जगाने तिचे ऐकले.

पण आज मला अधिक बोलायचे आहे ते दुसऱ्या टोकाविषयी, कारण ते टोक आपल्या घरात आहे. "ऋषींनी सांगितले आहे, मग तपासायचे कशाला?" असा प्रश्न विचारणारी मंडळी आपल्यात कमी नाहीत. प्रयोगशाळेचे नाव काढले की त्यांना परंपरेचा अपमान झाल्यासारखे वाटते. ही वृत्ती परंपरेची नव्हे, आळसाची आहे. आप्तवचनाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही परीक्षेची साधने मानणारा चरक आमचा, आणि परीक्षेला घाबरणारेही आम्हीच? न जाणलेले औषध विषासारखे आणि नीट जाणलेले औषध अमृतासारखे, हा विचार ज्या संहितेने दिला, तिचे वारस म्हणवणाऱ्यांनी पुडीत काय आहे हे न पाहता पुडी विकावी, यापरते दुर्दैव कोणते?

गुळवेलीचा वाद काय सांगतो?

करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला जात होता. २०२० च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध होताच रणकंदन माजले. एका बाजूने 'आयुर्वेद घातक' अशी आरोळी, दुसऱ्या बाजूने 'हे षड्‌यंत्र' अशी प्रतिआरोळी. आयुष मंत्रालयाने मुद्दा मांडला तो असा की, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असावी.

मुद्दा अगदी योग्य होता. पण तो सोडवायचा कसा? वर्तमानपत्री पत्रकांनी की दूरचित्रवाणीवरील चर्चेने? उत्तर एकच होते. रुग्णाने घेतलेले चूर्ण वा वेल घ्या आणि तिचे रासायनिक विश्लेषण करा. पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हाच मार्ग अवलंबिला गेला आणि गुळवेलीचा संबंध नाकारता येणार नाही असा निष्कर्ष निघाला. ज्यांच्या यकृतात वा प्रतिकारशक्तीत आधीपासूनच छुपा दोष असतो, त्यांना धोका अधिक, असाही त्याचा रोख होता. यातून गुळवेल वाईट ठरत नाही. ती कुणाला द्यावी आणि कुणाला देऊ नये, हे मात्र ठरते. प्रकृती पाहून औषध द्यावे, हेच तर आपला वैद्य सांगत आला. फरक एवढाच की, आता यकृताची प्रकृती 'एसजीपीटी' या रोगखुणेने आकड्यांत वाचता येते. ती न वाचता सर्वांना सरसकट काढा पाजणे हा आयुर्वेदही नव्हे आणि विज्ञानही नव्हे.

दुसरे उदाहरण याहून बोचरे आहे. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. आपल्याकडे संतापाची लाट उसळली. संताप समजू शकतो. पण ही तपासणी आपण आधी का केली नाही, हा प्रश्न किती जणांनी विचारला? भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेने शिसे दशलक्ष भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशा मर्यादा घालून दिल्या आहेत. पण वनौषधींसाठी जड धातूंच्या तपासणीची सक्ती १ जानेवारी २००६ पासून लागू झाली, ती निर्यातीच्या मालावर. म्हणजे बोस्टनच्या ग्राहकाची काळजी आधी, आर्णीच्या आठवडी बाजारात पुडी घेणाऱ्या म्हातारीची नंतर! त्या पुड्यांची कथा तर सर्वविदित आहे. 'सांधेदुखीवर हमखास' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याच्या घटना देशभरात वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. पहिल्या दिवशी गुडघा हलका होतो, म्हातारी दुवा देते, आणि वर्षभरात तिची हाडे ठिसूळ होतात. बदनाम कोण होतो? आयुर्वेद.

तुकडे की अखंड?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. अनेक व्यासंगी वैद्य म्हणतात की, वनस्पती ही अखंड असते. तिचे रासायनिक तुकडे करून एकच द्रव्य मोजले तर तिचा आत्मा हरवतो. या म्हणण्यात तथ्य आहे. पण विश्लेषणशास्त्रही आता तेथेच थांबलेले नाही.

शाईचा थेंब टीपकागदावर टाकून कागदाचे टोक पाण्यात बुडवले की निळ्या शाईतून निरनिराळ्या रंगांच्या रेघा वर सरकताना शाळकरी मुलांनीही पाहिल्या आहेत. वर्णलेखन वा क्रोमॅटोग्राफी म्हणतात ती मुळात हीच. एचपीटीएलसी या तंत्राने वनस्पतीच्या अर्काचा असा पट्ट्यांचा संपूर्ण आलेख मिळतो. बोटाच्या ठशासारखा तो त्या वनस्पतीची ओळख पटवतो. अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळली असेल तर ठसा जुळत नाही. श्रावणात काढलेली मुळी आणि वैशाखात काढलेली मुळी यांच्या गुणांतला फरकही या आलेखांत शोधता येतो. वनस्पती कोणत्या ऋतूत काढावी याविषयी ग्रंथांतून काटेकोर सूचना आहेत, त्या आपल्या डोळ्यांनी पडताळून पाहण्याची ही संधी नव्हे काय? मास स्पेक्ट्रोमीटर पुढे जाऊन रेणूंच्या वजनावरून शेकडो द्रव्ये एकाच वेळी ओळखतो. यात अखंडाचा भंग नाही, अखंडाचे चित्र आहे. आणि औषधाचा परिणाम झाला की नाही, हे शेवटी रुग्णाच्या शरीरातील रोगखुणाच सांगतात. तेथे तर संपूर्ण औषध आणि संपूर्ण माणूस समोरासमोर असतात.

सिकलसेल आणि ज्वारीचे झाड

हे सारे यवतमाळच्या दारात आणून पाहू. सिकलसेल हा रक्तविकार विदर्भातील वनवासी समाजाच्या पाचवीला पुजलेला. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढ्या एका बदलाने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि मूल आयुष्यभर वेदना भोगते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिनची चाल मोजून हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे आजही इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी यांसारख्या विश्लेषणानेच कळते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक असते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, २०४७ पर्यंतचे लक्ष्य ठेवले. अभियान स्तुत्य आहेच.

आता नायजेरियाकडे वळू. तेथेही हा आजार मोठा. तेथील एका पारंपरिक वैद्याने आपली कृती राष्ट्रीय औषधसंशोधन संस्थेच्या हवाली केली. संस्थेने तिचे विश्लेषण केले, रुग्णांवर चाचण्या घेतल्या आणि २००६ मध्ये तिला तेथील औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. त्या औषधाच्या चार वनस्पतींपैकी एक लवंग आहे आणि एक चक्क ज्वारी! पुढे उत्पादक कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि औषधाची गाडी अडली, हा भाग वेगळा आणि तोही बोधप्रद. मुद्दा हा की, ज्वारी आपल्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे, आजार आपल्या पाड्यावर आहे, जाणते वैद्य आपल्याकडे आहेत. मग हा प्रयत्न अबुजात का झाला आणि यवतमाळात का नाही?

स्पष्ट सांगितले पाहिजे की, डॉक्टरांनी दिलेले हायड्रॉक्सीयुरिया थांबवून कुणीही काढ्यावर विसंबू नये. पण त्या औषधाबरोबर एखादा पारंपरिक योग देऊन रक्तातील गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते का, वेदनेचे झटके कमी होतात का, हे नैतिक चौकटीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मोजता येईल. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आयुर्वेद आणि औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये आहेत. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहेत. उणीव आहे ती या सर्वांना एका मेजाभोवती बसवणाऱ्या इच्छाशक्तीची. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समाजाला लाभाचा वाटा देण्याची तरतूद केलेली आहे. तेव्हा ज्ञान कोलाम आजोबाचे आणि पेटंट दुसऱ्याचे, असे होऊ न देण्याचे साधनही हाताशी आहे. हळदीवरील अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करवून घेताना डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने घोषणा दिल्या नव्हत्या, लेखी पुरावे ठेवले होते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आता तीन मागण्या हाती घ्याव्यात. जिल्ह्याच्या ठिकाणी विष, औषध आणि रोगखुणा या तिन्हींची तपासणी करणारी सुसज्ज विश्लेषण प्रयोगशाळा. आठवडी बाजारातील चूर्णांची नियमित नमुना तपासणी. आणि पाड्यांवरील वनौषधिज्ञानाची त्या त्या ग्रामसभेच्या संमतीने, तिच्याच नावे नोंद. निवेदने द्यावीत, पाठपुरावा करावा, आणि आपल्या घरात येणाऱ्या प्रत्येक चूर्णाच्या डब्यावर तपासणीचा उल्लेख आहे का, हे स्वतः पाहावे. सोने खरे असेल तर ते कसोटीच्या दगडाला भीत नाही. आपले सोने खरे आहे असा विश्वास असेल, तर कसोटी मागण्यासाठी सर्वांत पुढे आपणच असले पाहिजे.